साहेबांचा टी-शर्ट आणि शकूचं साक्षगंध

आमच्या घराण्यात गोल्फ खेळलेला माणूस मी एकटाच, आणि मीही तो एकदाच खेळलो. त्या एका खेळात माझ्या हातून चेंडू खड्ड्यात गेला नाही, पण सख्ख्या बहिणीची ठरलेली सोयरीक गेली. आज इतक्या वर्षांनी लोक ही गोष्ट ऐकून पोट धरून हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसतो. काय करणार!

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी नाकाडोंगरीजवळच्या मॅंगनीजच्या एका खाणीत टाइमकीपर होतो. म्हणजे कोण वेळेवर आलं आणि कोण उशिरा, यावर नजर ठेवायची, हे माझं काम. (हे लक्षात असू द्या.) घर करडीला. घरी बाबा, माय आणि धाकटी बहीण शकू. शकूची सोयरीक बपेऱ्याच्या दिनकर मास्तरांशी जुळली होती. मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचे. मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी 'स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का' असलं काही विचारलं नाही. विचारलं, "पुढं शिकाचं हाये का?" शकू मान खाली घालून म्हणाली, "हाये." तर म्हणाले, "मंग शिका. डी.एड. करा. मी हाये ना."

त्या दिवसापासून शकू तांदूळ पाखडताना गुणगुणायला लागली. आमच्या घरात तोवर फक्त रेडिओ गुणगुणायचा.

माघातल्या एका रविवारी दुपारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. आमच्याकडे मुलाकडची मंडळी आपल्या पायांनी उठून येत नाहीत. मुलीच्या भावाने सकाळी त्यांच्या दारी जायचं, कुंकू लावून बोलावणं करायचं आणि मानाने सोबत घेऊन यायचं. बाबांनी मला आठवडाभर आधी बजावून ठेवलं होतं.

"बपेऱ्याले सकाळीच पोचजो. इवायाले रामराम करजो. डोक्यावर टोपी पायजे, खांद्यावर दुपट्टा पायजे. पोरीचा भाऊ हायेस तू, हमाल नाही!"

"हो बाबा."

"आन उशीर नोको करजो."

"बाबा, मी टाइमकीपर आहे!" मी ताठ मानेनं म्हणालो. ते वाक्य आठवलं की आजही माझी मान आपोआप खाली जाते.

आता गोल्फ. खाणीच्या बंगल्यांमागे इंग्रजांच्या वेळेपासून गोल्फचं एक मैदान होतं. मैदान म्हणजे जुन्या धानाच्या बांध्याच, भाताची खाचरं. त्यांचे धुरे-बांध मोडून सपाट केलेल्या. खड्ड्याभोवती हिरवळ असायला हवी, तिथे हिरवळ उगवत नसल्यामुळे तेलात कालवलेली वाळू पसरलेली. आम्ही कामगार लोक कुंपणापलीकडून पाहायचो आणि चार मोठी माणसं एका चेंडूमागे सकाळभर पायी का फिरतात, यावर तर्क करायचो.

शनिवारी संध्याकाळी मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. साहेब मुलखावेगळे गोरेपान, भरदार देहाचे आणि हिंदी बोलणारे.

"मधुकर, कल सुबह क्या कर रहे हो? डॉक्टर नागपूर गया है. खेलने को चौथा आदमी चाहिए."

"साहेब, मैं? मुझे कहाँ आता है!"

"अरे, छब्बीस जनवरी को तुमने गिल्ली मारी थी, सीधे ऑफिस की छत पर! क्या हाथ है तुम्हारा!"

माणसाने माझ्या विटीदांडूची स्तुती केली की मी त्याचा गुलाम होतो. बपेऱ्याला सकाळी निघायचं होतं. पण खेळ होऊन होऊन किती वेळ होईल? एक तास! तिथून सायकल मारली की झालं. मी 'येस सर' म्हणून मोकळा झालो. तिथेच 'उद्या माझ्या बहिणीचं साक्षगंध आहे' एवढं एक वाक्य बोललो असतो, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण साहेबांसमोर घरगुती कामं सांगायची मला लाज वाटली.

सकाळी मी नवा पांढरा सदरा, टोपी, खांद्यावर जरीकाठी दुपट्टा आणि खिशात कुंकवाची पुडी अशा थाटात मैदानावर हजर झालो. साहेबांनी मला खालून वर पाहिलं.

"ये क्या पहना है? शादी में जा रहे हो क्या? यहाँ कॅज्युअल चलता है. टी-शर्ट!"

माझ्याकडे टी-शर्ट कुठला? त्या काळी आमच्या भागात टी-शर्ट नावाचा कपडा फक्त सिनेमाच्या भिंतीवरच्या चित्रात दिसायचा. साहेबांनी उदार मनाने आपला एक जुना पांढरा टी-शर्ट दिला. साहेबांच्या देहाला तो बेताचा होत असावा. माझ्या अंगावर तो मांड्यांपर्यंत लोंबला. (पुढे मायने तो पाहिला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "गंजीले कॉलर कायले पायजे?") माझा सदरा, टोपी, दुपट्टा आणि कुंकू क्लबाच्या खोलीत ठेवलं, चौकीदाराने खोलीला कुलूप घातलं आणि मी खेळायला निघालो.

या खेळात आधी एक बोटभर लाकडी खुंटी जमिनीत खोचतात. तिला टी म्हणतात. तिच्यावर चेंडू ठेवायचा, कमरेत पिळायचं आणि हातातल्या लोखंडी टाळक्याच्या काठीने त्याला हाणायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी पहिल्यांदा हाणलं तेव्हा चेंडू जिथल्या तिथे राहिला आणि मी गरकन फिरून तोंड मागे करून उभा राहिलो. दुसऱ्यांदा काहीतरी उडालं, लांब गेलं, आणि साहेब "नाइस शॉट!" म्हणून टाळ्या वाजवू लागले. मग कळलं, ते मातीचं ढेकूळ होतं.

तिसऱ्यांदा मला राग आला. राग आला की माणूस लहानपणी शिकलेल्या गोष्टीवर जातो. मी काठीचं टोक चेंडूखाली घालून त्याला विटीसारखं वर उडवलं आणि हवेतल्या हवेत असा टोला हाणला की काय सांगू! चेंडू बंगल्यांच्या बाजूला, झाडांवरून, म्हणजे जिथे जायला हवा त्याच्या बरोबर उलट्या दिशेला गेला आणि बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, पडला.

"ये क्या किया!"

"साहेब, हमारे यहाँ उड़ाकर ही मारते हैं."

"वो विलायती बॉल था! ढूँढो!"

धिवरांनी, मासेमारी करणाऱ्यांनी, त्या बोडीत शिंगाडे लावलेले. मी गुडघाभर, मग कमरेभर चिखलात उतरलो. हाताला शिंगाड्याचे काटे लागले, दोन गोगलगाई लागल्या, कुणाची तरी फुटकी चप्पल लागली. चेंडू लागला नाही. वर येऊन म्हणालो, "साहेब, अब मैं जाऊँ?" साहेब म्हणाले, "बस, दो होल और!" गोल्फमधले 'दो होल' म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजलं. सूर्य डोक्यावर आला तरी ते दोन होल संपेनात.

अखेर मी सुटलो आणि क्लबाकडे धावलो. कुलूप! चौकीदार बाजारात गेलेला. किल्ली त्याच्या कनवटीला. आत माझा सदरा, आत टोपी, आत दुपट्टा, आत कुंकू. बाहेर मी, चिखलाने माखलेला, अंगात साहेबांचा टी-शर्ट, हातात साहेबांची काठी. (साहेब जाताना म्हणाले होते, "स्टिक सँभालके रखो, कल देना. विलायती है.") थांबलो असतो तर चौकीदार कदाचित आला असता. पण मंडळी नटूनथटून वाट पाहत असतील या विचाराने माझा धीर सुटला आणि मी तसाच सायकलवर बसलो.

अर्ध्या वाटेत साखळी तुटली. सायकल एका पानठेल्यावर ठेवून मी पळत सुटलो. बपेऱ्याच्या अलीकडे एक बोडी दिसली. इवायाच्या, म्हणजे व्याह्यांच्या, दारी चिखलाच्या अंगाने कसं जावं? म्हणून मी चांगलं डोकं धुतलं, हातपाय धुतले, टी-शर्ट खळबळून पिळून पुन्हा अंगात घातला. माझ्या मते मी आता बऱ्यापैकी दिसत होतो.

मास्तरांचं अंगण नुकतंच सारवलेलं, वर रांगोळी. ओल्या पायांनी ती कशी तुडवायची? मी फाटकाबाहेरच थांबलो. (सभ्यपणा! तोही नको तिथे!) खाटेवर मास्तरांचे आजोबा नवा फेटा बांधून बसले होते. मास्तरांच्या आत्याबाई पाण्याचा गडवा घेऊन पुढे आल्या.

"आलास बाबू! किती वाट पाह्याची? ये, आत ये. पानी घे."

धावून धावून माझ्या छातीचा भाता झाला होता. मी हातानेच नको म्हटलं.

"घोटभर तरी घे!"

"पानी नको. काही नको. चला तुम्ही. लवकर चला."

आत्याबाई जागच्या जागी थिजल्या. त्यांनी माझं ओलं, उघडं डोकं पाहिलं. अंगातली ओली पांढरी गंजी पाहिली. हातातली लांब काठी पाहिली. मग त्यांच्या हातातला गडवा सुटला.

आता बाहेरच्या माणसाला एक सांगायला हवं. आमच्या भागात मरणाचा निरोप घेऊन येणारा माणूस उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. रामराम करत नाही. पाणी पीत नाही. डोक्याला टोपी नसते, खांद्याला दुपट्टा नसतो. कोण गेलं हेही तो आधी सांगत नाही. नुसतं 'चला' म्हणतो, आणि माणसं उठतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण आपण स्वतः तसे दिसतो आहोत, हे माणसाला आरशाशिवाय कसं कळावं?

"अवो माझी माय वो! कसं झालं वो!" आत्याबाईंनी हंबरडा फोडला. आतून दोन बायका धावत आल्या आणि काही न विचारता त्यांनीही सूर धरला. शेजारच्या घरातून आणखी चार आल्या. आजोबांनी फेटा काढून खाली ठेवला.

मी दचकलो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला (माझ्या डोक्यात असलाच प्रकाश पडतो): मास्तरांची आजी! बोलणी झाली तेव्हाच ती अंथरुणाला खिळलेली होती. म्हणजे मी गोल्फ खेळत होतो तेवढ्यात इकडे म्हातारी गेली! मला इतकं वाईट वाटलं की मीही फाटकाशी उकिडवा बसलो आणि ढसढसा रडायला लागलो. मला रडताना पाहून बायकांना आणखी जोर आला.

"आता साक्षगंध राहू द्या," मी हुंदके देत म्हणालो.

"साक्षगंधाचं काय घेऊन बसला, बाप्पा!" आजोबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आमी येतो. सारेच येतो."

मी थक्क झालो. घरात प्रेत असताना ही माणसं दिलेल्या शब्दाखातर करडीला यायला निघाली! शकू भाग्याची, असं मला वाटलं. आत्याबाईंनी घराला बाहेरून कुलूप लावलं तेव्हा मात्र मला जरा चमत्कारिक वाटलं. पण परक्याच्या घरचे रिवाज. आपण काय बोलणार?

एस.टी. भरलेली होती. बायका रडत होत्या, म्हणून लोकांनी उठून जागा दिली. मी डोळे पुसून समोर पाहिलं, तर खिडकीपाशी मास्तरांची आजी बसलेली. जिवंत! रडायला जायचं म्हटल्यावर ती अंथरुणावरून उठून आली होती आणि सगळ्यांत वरच्या पट्टीत रडत होती. मी शेजारी बसलेल्या दिनकर मास्तरांचा हात धरला.

"मास्तर, खरं सांगा. कोन गेलं?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"दादा, मनाले सांभाळा. धक्का बसला की असं होते."

"पन कोन?"

"बाबूजी."

"कोनाचे बाबूजी?"

"तुमचे, दादा."

मी गाडीत ओरडलो. म्हणजे बाबा गेले! निरोप इकडे माझ्या आधी पोचला होता! आणि मी? मी चेंडू शोधत होतो! मी जो गळा काढला तो पाहून कंडक्टरसुद्धा हळहळला. "पोट्टा गंजीवर हाये, कुडकुडून राहिला. कोनी चादर द्या रे!" असं म्हणून त्याने एका प्रवाशाची चादर माझ्या अंगावर टाकली. मला काय काय आठवलं! धान रोवण्याच्या दिवसांत बाबा मला खांद्यावर बसवून चिखलातून न्यायचे आणि मी त्यांची टोपी चिखलात टाकायचो. त्या माणसाने जन्मात मला एकच काम सांगितलं होतं. टोपी घाल, दुपट्टा घे, उशीर करू नकोस. तेवढंही माझ्याने झालं नाही. त्या गाडीत मी बाबांना जेवढा रडलो, तेवढा नंतर ते खरोखर गेले तेव्हाही रडलो नाही.

तुमसरला गाडी बदलायची होती. तिथे आजोबांनी रिवाजाप्रमाणे प्रेतावर घालायचं पांढरं कापड घ्यायला दुकान गाठलं. दुकानदाराने मांजरपाट काढला. मी रडत रडत म्हणालो, "यापेक्षा चांगलं घ्या. बाबांना जाडंभरडं टोचतं." मग मीच तीन-चार ठाण उलगडून, बोटांनी चाचपून, मऊ कापड निवडलं. मास्तरांनी ते घडी करून छातीशी धरलं.

करडीच्या आमच्या गल्लीत आम्ही शिरलो तेव्हा दारात मांडव होता, आंब्याच्या पानांचं तोरण होतं, भोंग्यावर सिनेमातली गाणी लागली होती. मेलेल्या माणसाच्या दारात गाणी! शेजाऱ्यांच्या निर्लज्जपणाची मला चीड आली. आमच्या मागून बायकांचा आकांत चाललेला. तो ऐकून आमच्या गल्लीतल्या बायका बाहेर आल्या आणि कुठे काय झालं हे न विचारता छाती पिटत सामील झाल्या. (आमच्याकडे रडण्याच्या बाबतीत आधी मदत, मग चौकशी.) अशी ती मिरवणूक तोरणाखालून आत आली. पुढे पांढरं कापड घेतलेले नवरदेव, त्यांच्या बाजूला चादर पांघरलेला, काठी टेकीत चालणारा मी.

माय आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिने मला पाहिलं, नवरदेवाच्या हातातलं कापड पाहिलं, आणि ताट खाली पडलं. "काय झालं? कोन गेलं वो माय?"

तेवढ्यात आतून बाबा आले. नवं धोतर, काळा कोट, कपाळाला गंध. "या, या इवाई..." म्हणता म्हणता त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. डोक्यावरची टोपी काढली आणि विचारलं, "कवा झालं? कसं झालं?" आणि तेही रडायला लागले! पुढची काही मिनिटं माझे वडील स्वतःच्या मरणावर मनापासून रडत होते आणि आजोबा त्यांचं सांत्वन करायच्या बेतात होते. मग आजोबा थबकले. आजीने किंकाळी फोडली आणि ती आत्याबाईंच्या मागे दडली.

मी धावत जाऊन बाबांना मिठी मारली. "बाबा, तुम्ही आहात! बाबा, तुम्ही आहात!"

"आहो म्हंजे? मी कोठी जाऊन राहिलो होतो?" बाबा माझ्या चादरीतून डोकं सोडवत म्हणाले. "आन तू हे काय घातलं? टोपी कोठी हाये तुयी?"

तिथे ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला ते दिनकर मास्तर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, टी-शर्टाकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांनी ते कापड तोंडावर धरलं, पण हसू दबेना. आणि त्याच वेळी आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. शकूही हसत होती! साऱ्या गर्दीत त्या दोघांनाच गंमत दिसली होती.

आजोबांना दिसली नाही. मुलगाच असा उघड्या डोक्याने आला म्हणजे बापच गेला, असं त्यांनी धरलं होतं. मी गोल्फची हकिकत सांगितली. ती मी जितकी समजावून सांगत गेलो तितकी ती जास्त वेडगळ वाटत गेली. शेवटी आजोबांनी हात वर केला.

"पोराचा राग नाही. चूक होते. पन कापड तोरनाखालून आलं, इवाई. जित्या मान्साचं कापड! आता या दारी साक्षगंध नाही होत."

"अहो, पोरीचा काय गुन्हा? मी तर जिता हाये!"

"तुमी शंभर वर्षं जगा. पन नाही होत."

बाबांनी टोपी काढून आजोबांच्या पायावर ठेवली. जन्मात कुणासमोर न वाकलेला तो माणूस माझ्या एका टोल्यापायी वाकला. आजोबांनी टोपी उचलली, झटकली, आदराने पुन्हा बाबांच्या डोक्यावर ठेवली आणि ते मागे फिरले. मास्तर काहीतरी बोलू पाहत होते. "आजा, ऐका तर..." पण आजोबांपुढे त्यांच्या घरात कुणी बोलत नसे. जाताना त्यांनी एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. तिथे आता बांगड्या वाजत नव्हत्या. मंडळी आमच्या घरचं पाणीही न पिता उपाशी गेली. वडे, भात, बुंदी सगळं तयार होतं. ते रडायला आलेल्या शेजारणींनी संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाणीवर निघालो तेव्हा शकूने माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं पुडकं दिलं. साहेबांचा टी-शर्ट. धुतलेला, इस्त्री केलेला, कॉलरसुद्धा ताठ बसवलेली. "सायबाचा हाये ना? देजो," एवढंच म्हणाली. एक शिवी तरी द्यायची! शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तो साहेबांना नेऊन दिला. साहेबांनी वर न पाहता विचारलं, "बॉल मिला?"

बाबांनी मात्र गोष्ट हसण्यावारी नेली. खोटी मरणवार्ता उठली की आयुष्य वाढतं, असं आपल्याकडे म्हणतात. ते चारचौघांत सांगायचे, "मी एकदा मरून बसलो हावो. कापड पोट्टयानं झ्याक निवडलं होतं!" पण शकूला पाहायला कुणी येणार असलं की ते हळूच माझी सुट्टी रद्द करवून मला खाणीवर पाठवायचे. मीही मुकाट जायचो. दोन वर्षांनी तिचं लग्न तुमसरच्या एका राईस मिलवाल्यांशी झालं. जावईबापू सोन्यासारखे आहेत. शकूला कशाची ददात नाही. डी.एड.चं मात्र कुणी पुन्हा नाव काढलं नाही, आणि तिचं ते गुणगुणणं मी पुन्हा ऐकलं नाही. जावईबापूंचा एकच दोष. त्यांना विनोद सांगितला की ते गंभीरपणे विचारतात, "मंग पुढं काय झालं?" ही सगळी गोष्ट त्यांना सांगितली तेव्हाही त्यांनी शेवटी विचारलं, "मंग पुढं काय झालं?" शकू म्हणाली, "मंग तुमी झाले."

पुढे तिचा मुलगा शाळेत जाऊ लागला. एका राखीला मी तिच्याकडे गेलो होतो. ती ओवाळून झाल्यावर सहज बोलल्यासारखी म्हणाली, "दादा, बंडूच्या शाळेत नवीन मास्तर बदलून आले. दिनकर मास्तर."

माझ्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. "बोलले तुझ्याशी?"

"बोलले ना. चांगलं शिकवतेत. मले म्हनाले, बाबूजी कसे हायेत? म्या म्हटलं, बरे हायेत."

"मग?"

"तर म्हनते कसे," शकूच्या ओठांच्या कडा थरथरायला लागल्या, "म्हनते, 'सोता पाहून आल्या, का दादांनी सांगतलं?'"

आणि शकू हसली. ताट हातात तसंच धरून, मान मागे टाकून, मी लहानपणापासून ऐकलेलं तिचं ते हसू हसली. पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पदराने डोळे पुसले, ते पुसणं जरा लांबलं, आणि "चहा ठेवतो" म्हणत ती आत गेली. बाहेरच्या खोलीतून जावईबापूंनी विचारलं, "काय झालं? काहून हासते ते?"

मी म्हटलं, "काही नाही, बापू." त्यांना काय सांगणार? आमच्या घरात हसण्याजोगा माणूस म्हणून मी जन्मापासून होतोच. माझ्यावर हसू शकेल असा जावई तेवढा आला होता, आणि त्याला मी दारातून उपाशी परत पाठवला.